गोळी कुठे थांबते

हिंगोली जिल्ह्यात कुणाच्या छातीत कळ आली की गाडी बहुतेक वेळा नांदेडच्या रस्त्याला लागते. सेनगाव असो, कळमनुरी असो की औंढा नागनाथ, त्या रात्री निम्मं गाव जागं असतं. कुणी जीप काढतो, कुणी आधार कार्ड आणि रेशन कार्ड शोधतो, कुणी पुण्यातल्या मुलाला फोन लावतो. हळदीचे पैसे हातात आले नसतील तर शेजारी खिशात हात घालतात. अँजिओग्राफी होते, नळीत स्टेंट बसतो आणि चार-पाच दिवसांनी माणूस आपल्या पायांनी चालत घरी येतो. ओसरीवर भेटायला आलेल्यांना घरचे सांगतात, ‘स्प्रिंग टाकली, आता काही काळजी नाही.’

सोबत एक फाइल असते. तिच्यातल्या कागदावर चार-पाच गोळ्यांची नावं इंग्रजीत लिहिलेली असतात: रक्त पातळ ठेवणाऱ्या एक-दोन, रक्तदाबाची एक, नाडी आवरणारी एक, आणि शेवटी, ‘0-0-1’ अशा खुणेसमोर, रात्रीची एक. ही रात्रीची गोळी म्हणजे स्टॅटिन; आपल्याकडे बहुधा ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. ती आयुष्यभर घ्यायची असते. जगभरचा अनुभव असा, की ती फार लवकर बंद पडते.

याला आकडे आहेत. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, जिथे वृद्धांना औषधं सरकारी योजनेतून मिळतात, हार्ट अटॅकसारख्या तीव्र आजारानंतर स्टॅटिन सुरू केलेल्या रुग्णांपैकी दोन वर्षांनी जेमतेम 40 टक्के लोक ती नीट घेत होते. हा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. भारताचं चित्र 2011 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘प्युअर’ या 17 देशांच्या पाहणीत दिसतं. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांच्या घरी जाऊन, ते प्रत्यक्षात कोणती औषधं घेतात हे त्यात विचारलं होतं. श्रीमंत देशांत शंभरातले 66 जण स्टॅटिन घेत होते. भारताचा समावेश असलेल्या गरीब देशांच्या गटात हे प्रमाण 3.3 टक्के होतं, आणि खेड्यात शहरापेक्षा कमी. गोळी न घेणाऱ्यांपैकी कित्येकांना ती कुणी लिहूनच दिली नव्हती. कित्येकांना लिहून दिली होती आणि ती वाटेत कुठेतरी थांबली. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे पावणेबारा लाख होती आणि त्यातले शंभरात पंच्याऐंशी लोक खेड्यात राहणारे. त्यामुळे ही वाट नेमकी कुठे तुटते, हा प्रश्न इथे घरोघरचा आहे.

रुग्णाला निष्काळजी ठरवून मोकळं होणं सोपं असतं. नीट पाहिलं तर बहुतेक लोक विचार करून गोळी बंद करतात. त्यांच्या हाती असलेल्या माहितीवरून काढलेला निष्कर्षही बहुधा सरळच असतो. अडचण आहे ती त्या माहितीत.

आधी ही गोळी करते काय, ते पाहू. स्टेंट ही जाळीची दोन-तीन सेंटीमीटरची नळी. रक्तवाहिनी जिथे चोंदली तेवढी एक जागा ती उघडी ठेवते. पण चरबीचे थर त्या एका जागी साचलेले नसतात. हृदयाच्या तिन्ही मुख्य धमन्यांत, मानेत, पायांत ते कमीअधिक असतातच. यातला एखादा थर वरच्या पातळ पापुद्र्यासह फुटला की तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. फुटणारा थर पुष्कळदा लहान असतो. आदल्या दिवशी त्याने काहीही त्रास दिलेला नसतो. स्टॅटिन यकृतातल्या कोलेस्ट्रॉल बनवणाऱ्या एका विकराला अडवतं. मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल कोलेस्ट्रॉल ओढून घेतं. रक्तातलं एलडीएल उतरतं, थर वाढायचे थांबतात, त्यांच्यावरचा पापुद्रा घट्ट होतो. स्टेंट एका जागेचा बंदोबस्त करतो आणि ही गोळी उरलेल्या सगळ्या नळ्यांचा.

पुरावा पक्का आहे. 1994 साली स्कँडिनेव्हियातल्या 4,444 हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात औषध नसलेल्या गटात 256 माणसं दगावली, औषधाच्या गटात 182. ही चौऱ्याहत्तर माणसं आपण वाचलो हे कधीच ओळखू शकली नाहीत. कुणालाही, कोणत्याही सकाळी, काही वेगळं वाटलं नाही.

सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथेच आहे. तापाची गोळी घेतली की तासाभरात घाम येतो. पिकावर फवारणी केली की दोन-तीन दिवसांत अळी गळून पडलेली दिसते, आणि नाही दिसली तर शेतकरी दुकानदाराला जाब विचारतो. ज्याचा गुण दिसतो त्याच्यावर पैसा घालायचा, ही कष्टकऱ्याची रीत शहाणपणाचीच आहे. स्टॅटिन या रीतीत बसत नाही. घेतली तरी काही वाटत नाही, सोडली तरी काही वाटत नाही. आठ दिवस चुकली, काही झालं नाही. मग महिनाभर सोडून पाहिली, तरीही काही झालं नाही. ‘मला आता काहीच होईना, मग कशाला खायची?’ या प्रश्नाला अनुभवातून मिळणारं उत्तर एकच असतं, आणि ते चुकीचं असतं.

पहिला महिना फार नाजूक. समजा, सेनगाव तालुक्यातल्या साठीच्या एका शेतकऱ्याला महिन्याच्या गोळ्या आणि ‘महिन्याने दाखवा’ अशी चिठ्ठी मिळाली. टायफॉइडला, खोकल्याला, मलेरियाला ‘कोर्स’ असतो आणि तो संपला की औषध संपतं, हे त्याला जन्मभर ठाऊक आहे. क्षयाचासुद्धा कोर्स असतो. गोळ्या संपल्या, त्याच्या लेखी कोर्स पूर्ण झाला. नांदेडला परत जायचं तर शंभर किलोमीटरचा प्रवास, सोबतीला मुलगा, मुलाची एक दिवसाची मजुरी बुडणार, वर तपासणी फी आणि रक्ताचे रिपोर्ट. सोयाबीनची काढणी तोंडावर असेल तर हा दौरा पुढे जातो, मग पुढच्या अमावस्येनंतर, मग दिवाळीनंतर. ‘ही गोळी कधीच बंद करायची नाही’ हे वाक्य सुट्टी होताना कुणीतरी म्हणालं असेलही. पण तेव्हा घरचे बिलाच्या, गाडीच्या आणि कागदपत्रांच्या धावपळीत होते.

हा महिना किती महाग पडू शकतो, हे अमेरिकेतल्या एका पाहणीने 2006 साली दाखवलं. हार्ट अटॅकनंतर ॲस्पिरिन, बीटा ब्लॉकर (नाडी आवरणारी गोळी) आणि स्टॅटिन ही तिन्ही औषधं घेऊन घरी गेलेल्या 1,521 रुग्णांपैकी 184 जणांनी महिन्याभरात तिन्ही सोडली होती. वर्षाअखेर, किमान एक तरी औषध चालू ठेवणाऱ्यांतले 97.7 टक्के जिवंत होते. तिन्ही सोडणाऱ्यांतले 88.5 टक्के. औषधं सोडणारे इतर बाबतींतही अधिक अडचणीत असू शकतात, म्हणून सगळा फरक औषधांच्याच खाती घालता येत नाही. तरीही शंभरात नऊ माणसांचं अंतर नजरेआड करण्याजोगं नाही.

वाट तुटण्याची दुसरी जागा म्हणजे रक्ताचा रिपोर्ट. तालुक्याच्या लॅबमध्ये कोलेस्ट्रॉल तपासलं, आकडा कागदावरच्या ‘नॉर्मल’ रकान्यात आला. लोक आनंदाने गोळी बंद करतात. आकडा उतरला तो गोळीमुळे, आणि गोळी थांबली की काही आठवड्यांत तो होता तिथे परत जातो, हे कागदावर कुठेच छापलेलं नसतं. शिवाय लॅबचा रकाना निरोगी माणसासाठी असतो. एलडीएल 100 च्या आत असलं की तो खूश; अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं ते 55 च्या खाली असावं, असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत आहे. म्हणजे 95 च्या आकड्यावर घरात पेढे वाटले जातात, तेव्हा डॉक्टरांना औषध वाढवायचं असतं.

आता जरा मेडिकलच्या काउंटरपाशी थांबू, कारण पुष्कळ गोष्टी तिथे ठरतात. ‘पाच दिवसांच्या द्या,’ असं म्हटलं की दुकानदार दहा गोळ्यांच्या पाकिटावर कात्री चालवतो. अर्धं पाकीट घरी येतं. नाव आणि मुदत बहुधा दुकानात उरलेल्या अर्ध्यावर असते. पुढच्या खेपेला तोच माल नसतो; दुसऱ्या कंपनीचं तेच औषध मिळतं, पण गेल्या वेळची गोळी पांढरी लांबट होती आणि ही गुलाबी गोल आहे. ज्याला अक्षर वाचता येत नाही, किंवा इंग्रजी येत नाही, तो गोळी रंगावरून आणि आकारावरून ओळखतो. ओळखीची गोळी दिसली नाही की त्याला वाटतं, दुकानदाराने चुकीची दिली, किंवा डॉक्टरांनी बदलली. यावर अमेरिकेत अभ्यास झाला आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, हार्ट अटॅकनंतरच्या रुग्णांची गोळी रंग बदलून आली तर औषध तुटण्याची शक्यता 34 टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि आकार बदलला तर 66 टक्क्यांनी. जिथे पाकिटावरचं नाव वाचणारे लोक आहेत तिथे हे घडतं. कात्रीने कापलेल्या बिननावाच्या पाकिटांच्या मुलखात काय होत असेल, याचा अंदाज अवघड नाही.

याच काउंटरवर आणखी एक पेच असतो. गोळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून आपल्याकडे स्टॅटिन आणि ॲस्पिरिन, कधी रक्त पातळ करणारं क्लोपिडोग्रेलही, एकाच कॅप्सूलमध्ये भरून मिळतं. सोय मोठी आहे. पण ॲस्पिरिनने छातीत जळजळ झाली, किंवा दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणारी गोळी काही दिवस थांबवायला कुणी सांगितलं, की सगळी कॅप्सूलच बंद होते. आत स्टॅटिन आहे हे रुग्णाला माहीत नसतं. दात निघतो, जखम भरते, कॅप्सूल फळीवरच राहते.

आणि दुखणं. स्टॅटिन सोडणारे जगभर सर्वांत जास्त कारण हेच सांगतात: मांड्या भरून येतात, पोटऱ्या दुखतात. हिंगोलीत हे दुखणं मोजायचं कसं? फेब्रुवारीपासून हळदीची काढणी सुरू होते. कंद खणायचे, झटकायचे, शिजवायचे, वाळत घालायचे, पॉलिश करायचे, मग पोती भरून हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारात न्यायची. या दिवसांत पंचविशीतल्या पोराची कंबर धरते. साठीच्या माणसाने रात्री मांडी चोळताना फळीवरच्या नव्या गोळीकडे बोट दाखवलं, तर त्यात नवल काय?

या तक्रारीचा शोध शास्त्रज्ञांनी कसून घेतला. 2022 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी स्टॅटिन आणि औषध नसलेली गोळी यांची तुलना करणाऱ्या 19 चाचण्यांतली जवळपास 1 लाख 24 हजार माणसांची माहिती एकत्र केली. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 27.1 टक्के लोकांना कधी ना कधी स्नायू दुखले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी 26.6 टक्के लोकांना. दुखणं खरं होतं, पण दहातल्या नऊहून अधिक जणांच्या दुखण्याशी स्टॅटिनचा संबंध नव्हता. जो थोडा होता तो बहुतेक पहिल्या वर्षातला आणि सौम्य.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधला प्रयोग तर याहून बोलका आहे. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले 60 जण तिथल्या संशोधकांनी निवडले आणि प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या: चार महिने स्टॅटिन, चार महिने औषध नसलेली गोळी, चार महिने रिकामी बाटली, क्रम उलटसुलट. रोजचा त्रास शंभरपैकी किती, ते लोकांनी फोनवर नोंदवायचं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी 8, औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत 15.4, स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3. म्हणजे गोळी सोडल्यावर बरं वाटलं हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मात्र जवळजवळ सगळा त्रास गोळी घेण्याच्या धास्तीतून आला होता, तिच्या आतल्या औषधातून नव्हे. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आलेख दाखवण्यात आला, आणि निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. डॉक्टरांनी ‘तुमचा भ्रम आहे’ म्हणून झटकलं असतं तर एकही परतला नसता.

धास्ती काही आकाशातून पडत नाही. डेन्मार्कमध्ये वर्तमानपत्रांत स्टॅटिनविरुद्ध बातम्या आल्या की औषध लवकर सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, असं पावणेसात लाख रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं. आपल्याकडे हे काम व्हॉट्सॲप करतं, आणि त्याआधीपासून पारावरची चर्चा करते. ‘इंग्रजी गोळ्या गरम पडतात.’ ‘रोज खाल्ल्या तर किडनी जाते.’ ‘एकदा सवय लागली की सुटत नाही.’ यातल्या पहिल्या म्हणण्यामुळे उन्हाळ्यात गोळी बंद होते. एकादशीला आणि श्रावणात ती बंद होते कारण उपाशीपोटी गोळी घेऊ नये असा समज, रमजानमध्येही तेच. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन जेवणाशी बांधलेली नाहीत, उपवासाच्या रात्रीही घेता येतात, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं तर वर्षातले कित्येक खाडे वाचतील.

स्टॅटिनचे खरे दोष लपवूनही चालणार नाही. काही लोकांची साखर थोडी वाढते, विशेषतः जे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत त्यांची. अगदी क्वचित स्नायू गंभीरपणे बिघडतात. अंग फार दुखून लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. काही अँटिबायोटिक गोळ्यांशी हिचं जमत नाही, गरोदरपणात ती सहसा देत नाहीत. हे आधीच सांगितलेल्या माणसाचा विश्वास बसतो. न सांगितलेल्याला ते नातेवाइकाकडून, तिप्पट होऊन कळतं.

गोळीच्या जागी मग काय येतं? अर्जुनाची साल, सकाळची लसणाची पाकळी, घाण्याचं करडईचं तेल, आणि या जिल्ह्यात अर्थातच हळद. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, वसमतमध्ये तिचं संशोधन केंद्र आहे. जिच्यावर घर चालतं तिच्यावर विश्वास असणारच. योगायोग असा, की हळदीची आणि स्टॅटिनची समोरासमोर परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने 2022 साली जाहीर केलेल्या चाचणीत 190 जणांनी 28 दिवस वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या: रोसुव्हास्टॅटिनचा सर्वांत लहान 5 मिलिग्रॅमचा डोस, औषध नसलेली गोळी, किंवा हळद, लसूण, दालचिनी, माशाचं तेल यांसारखी पूरकं. स्टॅटिनने एलडीएल सुमारे 38 टक्क्यांनी उतरलं. औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत हळदीने ते उतरलं नाही, दालचिनीने नाही. लसणाच्या गटात तर थोडं वाढलं. चाचणीला पैसा रोसुव्हास्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि महिना हा काळ लहान, हे वाचकाला माहीत असावं. पण 38 टक्क्यांचा फरक हा पैशाने रंगवलेला नाही. तो इतर असंख्य चाचण्यांतही तसाच दिसतो. हळद भाजीत राहू द्यावी, आणि रात्रीची गोळी तिच्या जागी.

‘केमिकल’ म्हणून ज्या गोळीला नावं ठेवतात, तिचा जन्मही मातीजवळचाच आहे. जपानच्या अकिता भागातल्या शेतकरी घरात 1933 साली जन्मलेल्या अकिरा एंडो यांना लहानपणापासून बुरशीचं आणि अळंब्यांचं वेड. सँक्यो कंपनीत त्यांनी सहा हजारांहून अधिक बुरश्या तपासल्या आणि 1973 साली तांदळावरच्या निळसर बुरशीत पहिलं स्टॅटिन शोधलं. कुत्र्यांमध्ये कर्करोग दिसल्याच्या शंकेने कंपनीने 1980 साली ते काम थांबवलं. म्हणजे स्टॅटिन धास्तीने सर्वांत आधी बंद केलं ते त्याच्या जन्मदात्या कंपनीनेच. पुढे अमेरिकेत 1987 साली लोव्हास्टॅटिन बाजारात आलं. एंडो 2024 साली, नव्वदाव्या वर्षी गेले.

पैशाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेचा भर मात्र रुग्णालयातल्या उपचारावर आहे, घरी पुढची वीस वर्षं लागणाऱ्या गोळ्यांवर नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले आहेत, जनऔषधी दुकानांत स्टॅटिन अगदी स्वस्त मिळतं. तरी पैसा हे अर्धंच कारण. अमेरिकेतल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्ट अटॅक झालेल्या 5,855 लोकांपैकी सुमारे निम्म्यांना ही सगळी औषधं पूर्ण फुकट दिली, आणि औषधं नीट घेण्याचं प्रमाण वाढलं ते फक्त 4 ते 6 टक्क्यांनी. गोळी फुकट झाली तरी ती का घ्यायची, हा प्रश्न तसाच राहिला होता.

तो सोडवण्याचा एक रस्ता भारतातच तपासला गेला आहे. 14 रुग्णालयांतल्या सुमारे 800 हृदयरुग्णांवरचा ‘स्प्रेड’ हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते निम्म्या रुग्णांना वर्षभर भेटत राहिले, कधी दवाखान्यात, कधी घरी. गोळ्या चालू आहेत का, कोणती बंद केली, का केली, एवढंच बोलायचं, चित्रं दाखवायची, डायरीत खुणा करायच्या. वर्षाअखेर त्या गटातले 97 टक्के लोक औषधं घेत होते, दुसऱ्या गटातले 92 टक्के. फरक लहान वाटेल. पण हे सगळे मोठ्या रुग्णालयांशी जोडलेले लोक होते, त्यामुळे दुसऱ्या गटाचीही काळजी बरी घेतली जात होती.

हिंगोलीत असं माणूस गावोगाव आहे: आशाताई. तिशीवरच्या लोकांची रक्तदाब-मधुमेहाची यादी तिच्याकडे असते, गरोदर बाई आणि क्षयरोगी तिला नावानिशी माहीत असतात. स्टेंट बसवून आलेल्या माणसाचं नाव त्या यादीत जायला रुग्णालयाकडून एक चिठ्ठी किंवा एक फोन पुरे, आणि तिच्या या जादा फेरीचा मोबदला तिला वेळेवर मिळायला हवा. 2024 साली हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. फेरतपासणी नांदेडऐवजी हिंगोलीत होऊ लागली, तर सेनगावच्या माणसाचा दिवस आणि मुलाची मजुरी दोन्ही वाचतील. सुट्टीच्या कागदावर मराठीत, ठळक अक्षरात ‘ही गोळी कायम’ असं लिहायला तर कुठल्याच योजनेची वाट पाहावी लागत नाही.

ज्यांची गोळी आधीच थांबली आहे, त्यांच्यासाठीही वाट बंद झालेली नाही. वर्षभराचा खाडा पडला असला तरी जुनी फाइल घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जायचं आणि कधी सोडली, का सोडली ते खरं सांगायचं. अंग दुखत असेल तर डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, एक दिवसाआड घेऊन पाहता येतं, सोबत एझेटिमाइबसारखी वेगळी गोळी जोडता येते. डॉक्टर रागावतील म्हणून कित्येक जण हे सांगत नाहीत, ‘घेतो की’ म्हणून मान डोलावतात. मग न घेतलेल्या गोळीचा गुण आला नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. ‘गोळी घेता ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?’ असं विचारलं, तर माणूस बोटांवर मोजू लागतो.